धोट्यातला विटाळ

यंत्र आले की जात आपोआप झिजेल, असे मानणारे विद्वान आपल्याकडे कमी नव्हते. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास या समजाला छेद देतो. तो समजून घ्यायला एक लाकडी धोटा पुरेसा आहे.

1856 साली कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी मुंबईत सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तसे कोकणातून, देशावरून महारही कामाला आले. त्यांना जागा मिळाली ती मुख्यतः रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत. विणकाम खात्याचे दार मात्र त्यांना बंद होते आणि मजुरी तर तिथेच जास्त होती. महारांना विणता येत नव्हते म्हणावे, तर विदर्भातले महार पिढ्यानपिढ्या हातमागावर जाडेभरडे कापड विणत आले होते.

कारण निराळेच होते. धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि सुताचे टोक बाहेर काढण्यासाठी धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वास ओढी. महाराचे तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे होते.

आता हा न्याय तपासून पाहा. त्या कांडीवरचे सूत ज्या खात्यातून येई, तिथे अस्पृश्यांचेच हात राबत होते. ते सूत तोंडाला चालले. त्या सुताचे धोतर नेसून देवपूजाही चालली. दुकानात गिऱ्हाइकाने पोत पाहिला, पन्हा पाहिला, भाव केला; सूत कोणी कातले हे विचारले नाही. विटाळ मालाला नव्हता. तो चार पैसे जास्त देणाऱ्या जागेला होता.

बरे, तोंड लावण्याला पर्याय नव्हता असेही नाही. हाताने सूत ओवायचे धोटे निघाले होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने ओढायचा धोटा 1911 साली कायद्याने बंद केला, तो रोगाच्या भीतीने. आपल्याकडे त्याच धोट्याने जातीच्या पहारेकऱ्याचे काम केले.

1928 च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. सर्व खाती अस्पृश्यांना खुली करा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, असा त्यांनी आग्रह धरला. कामगार पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच घेतली. मालकांनी उलट सुनावले की, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. मालकाने कामगाराकडे बोट दाखवायचे, कामगाराने रूढीकडे. आणि मजुरी बुडायची ती अस्पृश्याची. 1938 साली मनमाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्यामागे हा अनुभव होता.

आज त्या गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती आहेत. धोटा गेला, न्याय गेला नाही. गटार साफ करण्याची यंत्रे बाजारात मिळतात, माणूस गटारात उतरवण्याविरुद्ध 2013 चा कायदाही आहे. तरी माणूस उतरतो आणि मरतो. ज्याचा जीव स्वस्त, त्याच्यासाठी यंत्र विकत घेण्याची निकड कोणाला वाटत नाही. म्हणून नवे यंत्र आले की आपण एवढे तरी विचारावे: ते चालवण्याच्या जागेवर कोण बसणार, आणि ते कोणासाठी आणलेच जाणार नाही?