दातांतील खुंटीचा इतिहास : लाकडापासून संगणकीय आराखड्यापर्यंत

किडीमुळे अथवा आघातामुळे दाताचा वरचा भाग नष्ट झाला, तरी त्याचे मूळ जबड्यात शाबूत राहू शकते. अशा मुळाच्या पोकळीत खुंटी बसवून तिच्या आधारे दात पुन्हा उभारण्याची पद्धत जुनी आहे. खुंटी दाताच्या मापाची असावी की दात खुंटीच्या मापाचा करावा, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या पद्धतीचा आढावा घेतला आहे.

फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांच्या १७२८ मधील ग्रंथात मुळात बसविलेल्या धातूच्या खुंट्यांचे वर्णन आढळते. पुढे लाकडी खुंट्या रूढ झाल्या. ओलाव्याने फुगून त्या घट्ट बसत. परंतु त्याच दाबाने मूळ तडकत असे. १९०७ मध्ये अमेरिकेतील विल्यम टॅगार्ट यांनी मेणाच्या नमुन्यावरून सोन्याच्या ओतकामाची पद्धत दंतवैद्यकात आणली. तिच्यामुळे पोकळीच्या नेमक्या आकाराची खुंटी घडविणे शक्य झाले. मात्र त्यासाठी वेळ व प्रयोगशाळेतील श्रम अधिक लागत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठरावीक मापांच्या तयार खुंट्यांचा प्रसार झाला. काम सोपे झाले. तथापि खुंटी सामावण्यासाठी पोकळी कोरावी लागे व निरोगी डेंटिन खर्ची पडे. १९९० च्या सुमारास फ्रान्समध्ये पुढे आलेल्या कार्बन तंतूंच्या खुंट्या धातूपेक्षा लवचीक होत्या, परंतु त्यांचाही आकार ठरलेलाच होता. लंबगोल वा रुंद पोकळीत उरलेली जागा सिमेंटने भरावी लागे.

दरम्यान १९८५ मध्ये झुरिच येथे मॉरमन व ब्रँडेस्टिनी यांच्या संगणकीय यंत्राने घडविलेले सिरॅमिकचे भरण रुग्णाच्या दातात एकाच बैठकीत बसविण्यात आले. हेच तंत्र पुढे खुंटीला लागू झाले. पोकळीचे अथवा तिच्या ठशाचे स्कॅनिंग करून पडद्यावर आराखडा आखला जातो व तंतुयुक्त ठोकळ्यातून खुंटी कोरली जाते. अरुंद, खोल पोकळीच्या तळापर्यंत स्कॅनरचा प्रकाश नीट पोहोचत नाही. म्हणून ठशाची गरज अद्याप संपलेली नाही.

सारांश, संगणकाने ओतकामाच्या काळातील तत्त्वच नव्या साधनांनी पुन्हा प्रस्थापित केले आहे. खुंटी दाताला बळकटी देत नाही. ती केवळ वरच्या बांधणीला धरून ठेवते. बळ असते ते उरलेल्या डेंटिनमध्ये, विशेषतः हिरडीच्या वर राखलेल्या सुमारे २ मिलिमीटर उंचीच्या कड्यात. म्हणूनच कोणत्याही नव्या तंत्राचे मूल्यमापन, त्याने किती नैसर्गिक दात वाचविला, या निकषावरच व्हावयास हवे.