कुलपातला फळा आणि तोंडी निरोप

आज फळ्याबद्दल बोलू. सूचनाफलक, वार्ताफलक, नोटीस बोर्ड, काहीही म्हणा. आणि त्यासाठी जाऊ डहाणू-तलासरीकडे.

तलासरी तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीबाहेर मी उभा होतो. काचेची पेटी, तिला कुलूप, आत उन्हानं पिवळे पडलेले कागद. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की...' ओट्यावर एक आजोबा बसले होते. म्हटलं, "बाबा, काय लिहिलंय हो यात?" ते हसले. "लिहिणाऱ्याला ठाऊक."

यात हसण्यासारखं फारसं नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचना प्रसिद्ध झाली, की हरकतीसाठी 60 दिवस मिळतात. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही तेवढेच.

आता 1945 मध्ये जाऊ. सावकार-जमीनदारांची वेठबिगार, आणि अक्षरओळख जवळजवळ कुणालाच नाही. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं, तिथे काही वारली गेले होते. मग 23 मे रोजी झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठीला जायचं नाही असं ठरलं. हे कळवायला ना पत्रक उपयोगाचं, ना फळा. निरोप पाड्यापाड्यावर तोंडी गेला, पायी गेला, आणि खूण एकच: लाल बावटा. बावटा दिसला की माणसं ओळखायची, आपलं आहे. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचा. 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे, पण त्यासाठी नका वाचू, त्यातल्या माणसांसाठी वाचा.

पण तोंडी निरोपाला सही नसते. ऑक्टोबरात गवतकापणीचा संप सुरू होता. तेव्हा कुणीतरी पाड्यांवर उठवून दिलं, की तलवाड्याला सभा आहे, गोदावरीताईंच्या जिवाला धोका आहे, लाठ्या घेऊन या. लोक धावले. ताई तिथे नव्हत्याच. 10 ऑक्टोबर 1945. पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघं गेले. खोटा निरोप जमीनदारांच्या बाजूनं पेरला गेला, असं चळवळीनं कायम सांगितलं.

इकडे 1978 मध्ये शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडून पहिला इलेक्ट्रॉनिक फळा चालवला. एकानं लिहून ठेवायचं, दुसऱ्यानं फोन लावून वाचायचं. त्याचीच नातवंडं आज आपल्या खिशात आहेत.

आणि 16 एप्रिल 2020. टाळेबंदी. डहाणू तालुक्यातलं गडचिंचले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. रात्री गाडीतून चाललेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या हातून मारले गेले. तलवाड्याशी याची सरळ तुलना मला करवत नाही. तिथे जमलेलेच मेले, इथे जमलेल्यांनी मारलं. पण निरोप कुणी दिला हे न विचारता धावणं, तेवढं मात्र दोन्हीकडे आहे.

त्या आजोबांना मी पेटीतला वरचा कागद वाचून दाखवला. ग्रामसभेची नोटीस होती. तारीख विचारली त्यांनी. सांगितली.

"ती तर होऊन गेली," ते म्हणाले, आणि बिडी शिलगावली.