दोन मते, एक उमेदवार

पूर्णगडाच्या तटावरून मुचकुंदीची खाडी समुद्राला मिळताना दिसते. या मुलखात जमीन कसणारे कूळ आणि सारा वसूल करणारा खोत अशी वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालली. अशा कुळाचा आवाज विधिमंडळात पोहोचावा कसा? प्रश्न केवळ मताधिकाराचा नव्हता. मत द्यायचे आणि मोजायचे कसे, याचाही होता.

१९३७ च्या निवडणुकीत मताधिकार मर्यादितच होता. मात्र मुंबई इलाख्यातील बहुसदस्य मतदारसंघांत जितक्या जागा तितकी मते मिळत, आणि ती सारी एकाच उमेदवाराला देता येत. या संचयी पद्धतीमुळे संख्येने थोड्या, पण एकजुटीच्या मतदारांनाही एखादा प्रतिनिधी निवडून आणणे शक्य होई. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे शामराव परुळेकर रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. पण कुळाचे गाऱ्हाणे सभागृहात पोहोचले होते.

१९५२ साली उत्तर मुंबई हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता. तेथे मते दोनच, पण एका उमेदवाराला दोन्ही देण्यास मनाई. चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक मतपत्रिका बाद ठरल्या. आंबेडकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. बाद झालेली मते त्यांचीच होती, असे म्हणता येणार नाही. एवढे मात्र खरे, की १९३७ मध्ये जे मतदाराचे बळ होते, तेच आता चूक ठरले होते.

आणि तरीही १९४९ च्या जानेवारीत संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली, तेव्हा तिला विरोध केला तो आंबेडकरांनीच. निरक्षर मतदाराला ही पद्धत झेपणार नाही आणि सरकारे अस्थिर होतील, हे त्यांचे दोन आक्षेप होते.

आम्ही प्राध्यापक कोकण शिक्षक मतदारसंघात उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. पहिला बाद झाला, तर आमचे मत दुसऱ्याकडे जाते. लोकसभेला मात्र आमच्याच मताला ही संधी नाही. साक्षरतेचा आक्षेप आता पूर्वीसारखा उरलेला नाही. अस्थिरतेचा आक्षेप खरा आहे, आणि सुधारणा मागणाऱ्यांनी त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. पण पूर्णगडच्या मतदाराला पसंतीक्रम कळणार नाही, हे कारण यापुढे कोणी देऊ नये.