देमार चित्रपटांतील स्त्रीदेहाचे वस्तूकरण (हिंदी)

हाणामारी, पाठलाग, गोळीबार आणि सूड यांवर उभ्या असलेल्या लोकप्रिय चित्रपटांत स्त्रीपात्राला माणूस म्हणून न वागवता बघण्याची, उपभोगण्याची किंवा पुरुषांनी एकमेकांकडून हिसकावून घेण्याची वस्तू म्हणून मांडण्याची रीत. ती जगभर आढळते. ही नोंद मुख्यतः मुंबईत तयार होणाऱ्या हिंदी चित्रपटांपुरती आहे. तोकडे कपडे किंवा शृंगार म्हणजे वस्तूकरण नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे, कारण या विषयावरची बहुतेक जाहीर भांडणे कपड्यांपाशीच अडकतात. खूण वेगळी आहे. कॅमेरा बाईचे तुकडे पाडतो का (आधी पाय, मग कंबर, बेंबी, ओठ आणि चेहरा सगळ्यांत शेवटी), त्या दृश्यात तिला स्वतःला काही हवे असते का, आणि ते दृश्य कापून टाकले तर गोष्ट अडते का, हे पाहावे लागते.

अमेरिकी तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांनी १९९५ साली वस्तूकरणाची सात लक्षणे मांडली. साधन म्हणून वापर, स्वायत्तता नाकारणे, मालकी गाजवणे ही त्यांतली काही. हिंदी देमार चित्रपटाला सर्वांत चपखल बसते ते एकीच्या जागी दुसरी सहज चालण्याचे लक्षण. त्याच्या वीस वर्षे आधी, १९७५ मध्ये, ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी हॉलिवूडविषयी लिहिताना दाखवले होते की पडद्यावर पुरुष गोष्ट पुढे नेतो आणि बाई दिसू लागली की गोष्ट थबकते. प्रेक्षकाला नायकाच्या नजरेने पाहायला लावले जाते. मल्व्ही यांच्यासमोर हिंदी चित्रपट नव्हता, तरी त्यांचे वर्णन आपल्याकडच्या आयटम साँगला लावताना एक शब्दही बदलावा लागत नाही.

हिंदी देमार चित्रपटाची सुरुवात मात्र उलट्या दिशेने झाली होती. वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’त (१९३५) मूळची ऑस्ट्रेलियातली मेरी एव्हान्स, म्हणजेच नादिया, हातात चाबूक घेऊन गुंडांना लोळवत असे, घोडा फेकत असे, धावत्या आगगाडीवर मारामारी करणारे तिचे चित्रपटही पुढे आले. तिचे कपडे त्या काळच्या मानाने फारच तोकडे होते आणि निर्मात्यांना त्याची किंमत ठाऊक नव्हती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पण कॅमेरा तिच्या देहाकडे वळे तेव्हा तो देह काहीतरी करत असे. वाडियांची परळमधली जागा १९४२ साली व्ही. शांताराम यांच्या राजकमलकडे गेली. नादियाची परंपरा मात्र कोणाकडेच गेली नाही.

पुढच्या काळात कामाची वाटणी ठरून गेली. नायिका लाजेल, वाट पाहील आणि पळवली जाईल. देह दाखवण्याचे काम तस्कराच्या अड्ड्यावरची कॅबरे नर्तकी करील. हेलन यांनी ही जागा कित्येक वर्षे जवळजवळ एकटीने सांभाळली. तरीही त्या काळच्या चांगल्या पटकथांत नाचाला काही काम असे. ‘शोले’त (१९७५) ‘मेहबूबा’ चालू असताना नायक दारूगोळा उडवण्याच्या तयारीत असतात. ‘डॉन’मध्ये (१९७८) हेलनची कामिनी पोलीस येईपर्यंत डॉनला खोलीत अडकवून ठेवण्यासाठी नाचते. तिला होणाऱ्या नवऱ्याच्या खुनाचा बदला घ्यायचा आहे, आणि प्रेक्षकाला ते माहीत असते. देह तिथेही विकला जातोच, पण त्या बाईच्या डोक्यात काय चालले आहे तेही आपल्याला कळते. ‘शोले’तला बसंतीचा काचांवरचा नाच त्याहून अवघड प्रकरण आहे. ती नाचते ती वीरूचा जीव वाचवण्यासाठी, गब्बरच्या हुकमावरून. प्रेक्षक गब्बरचा तिरस्कार करतो आणि नाच त्याच्याच शेजारी बसून पाहतो.

ही दुटप्पी जागा ज्यांच्या चित्रपटांत सर्वांत ठळक दिसते ते दिग्दर्शक एन. चंद्रा. मुंबईच्या चाळीतले बेकार तरुण त्यांनी ज्या आपुलकीने दाखवले तसे फार थोड्यांना जमले. ‘अंकुश’मध्ये (१९८६) एका मुलीवर सामूहिक बलात्कार होतो, ती आत्महत्या करते आणि चार तरुण गुन्हेगारांना संपवतात. मुलीच्या वाट्याला गोष्टीतले कारण होण्याखेरीज काही येत नाही. ‘प्रतिघात’मध्ये (१९८७) गुंडाविरुद्ध साक्ष देणाऱ्या प्राध्यापिकेला भर रस्त्यात विवस्त्र केले जाते, इथे निदान शेवटचा घाव तिचा स्वतःचा आहे. आणि मग ‘तेजाब’ (१९८८). त्यातल्या मोहिनीचा बाप दारू-जुगारापायी पोरीच्या नाचावर जगतो, तिला लग्न करू देत नाही, कारण ती गेली तर कमाई गेली. पटकथा त्याला खलपुरुष ठरवते. पण चित्रपटाने तिकीटबारीवर जी गर्दी खेचली ती ‘एक दो तीन’च्या जोरावर, म्हणजे त्याच नाचाच्या जोरावर. बाप जे करतो तेच निर्माता करतो, फक्त एकाला शेवटी शिक्षा होते. माधुरी दीक्षित यांचा त्या गाण्यातला आनंद आणि सरोज खान यांचे नृत्यदिग्दर्शन इतके अव्वल आहे की ही गोष्ट प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही. या गाण्याच्या निमित्ताने फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कारच सुरू केला.

१९८० च्या दशकातले बलात्काराचे दृश्य या नोंदीतून वगळता येत नाही. सूडकथेला कारण लागते आणि नायकाची बहीण किंवा वहिनी हे सगळ्यांत स्वस्त कारण होते. अत्याचाराचा निषेध करायचा म्हणून तो सविस्तर दाखवायचा, आणि दाखवताना कॅमेरा कॅबरेतल्यासारखाच फिरवायचा, अशी ती पद्धत. डिंपल कपाडियांच्या ‘जख्मी औरत’वर (१९८८) हाच आक्षेप आला: बलात्कारितेच्या सूडाचा म्हणवणारा हा चित्रपट बलात्काराच्या दृश्यात मात्र तिच्या बाजूला उभा नाही. ‘खलनायक’मध्ये (१९९३) माधुरी दीक्षित पोलीस खात्यातल्या अधिकारी आहेत, पण फरारी गुन्हेगाराला पकडण्यासाठी त्यांना हत्यार म्हणून मिळतो तो नाचच. ‘चोली के पीछे’विरुद्ध दिल्लीत कोर्टात अर्ज झाला, तो टिकला नाही. भांडण शब्दांवर झाले. अधिकारी बाईला घागरा-चोळी घालूनच कामगिरीवर का जावे लागते, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूला पडला.

उपग्रह वाहिन्या आल्यावर गाणे चित्रपटाच्या कित्येक आठवडे आधी घरात पोहोचू लागले आणि त्याचे काम जाहिरातीचे झाले. त्यातून स्वतंत्र आयटम साँग घडले: नटी एका गाण्यापुरती येते, तिच्या पात्राला बहुधा नावही नसते, गाण्याआधी आणि नंतर ती कोणाशी बोलत नाही. ‘शूल’मधले (१९९९) शिल्पा शेट्टी यांचे गाणे या प्रकाराच्या सुरुवातीच्या उदाहरणांत मोजतात. अशा गाण्यातली नटी बदलली तर पटकथेत स्वल्पविरामही हलवावा लागत नाही.

‘दबंग’ (२०१०) हे या प्रकाराचे सर्वांत बोलके उदाहरण. ‘मुन्नी बदनाम’च्या शब्दांत मुन्नी स्वतःला झंडू बाम म्हणवते. बामची मालक कंपनी इमामीने आधी कायदेशीर नोटीस धाडली, मग समझोता झाला आणि मलायका अरोरा याच बामच्या जाहिरातीत झळकल्या. दुसऱ्या भागात (२०१२) बामची जागा फेविकॉलने घेतली. करीना कपूर यांच्या तोंडी स्वतःला तंदुरी मुर्गी म्हणवणारी आणि दारूबरोबर गिळायला सांगणारी ओळ आली. तो चित्रपट २१ डिसेंबर २०१२ रोजी लागला, दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर पाचव्या दिवशी. बाई आणि बाजारातला माल एकाच ओळीत बसवायला अभ्यासकांना सिद्धान्त लागतो. हिंदी गीतकारांनी ते काम ब्रँडच्या नावासकट करून ठेवले.

पुरुषदेहही दाखवला जातोच, असा बचाव नेहमी होतो आणि तो खोटा नाही. ‘दबंग’च्याच शेवटच्या मारामारीत सलमान खान यांचे स्नायू फुगतात आणि शर्ट आपोआप फाटून पडतो. पण नायकाची छाती उघडी पडते ती त्याची ताकद शिगेला पोहोचते त्या क्षणी. पुढचा ठोसा त्याचाच असतो. मुन्नीचे पोट दिसते तेव्हा पुढे काहीच होत नाही.

मराठीशी या प्रकाराचा एक थेट धागा आहे. अजय-अतुल यांनी ‘जत्रा’ (२००६) या केदार शिंदे यांच्या चित्रपटासाठी केलेली ‘कोंबडी पळाली’ची चाल ‘अग्निपथ’मध्ये (२०१२) ‘चिकनी चमेली’ झाली. मूळ गाण्यात भरत जाधव आणि क्रांती रेडकर दोघेही नाचतात, दोघेही चावट आहेत, आणि गावजत्रेतला तो धांगडधिंगा कोणा एकाच्या नजरेसाठी नाही. हिंदीत कतरिना कैफ एकट्या मध्यभागी आणि भोवती पुरुषांचा जमाव. चाल तीच, संगीतकार तेच. फरक पडला तो कोण कुठे उभे आहे याने. निर्माते करण जोहर यांनी पुढे अशा गाण्यांबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. गायिका श्रेया घोषाल यांनीही लहान मुली अर्थ न कळता हे गाणे म्हणतात तेव्हा संकोच वाटतो असे सांगितले आहे. त्या मुली, आणि हळदीला व विसर्जनाच्या मिरवणुकीत याच गाण्यांवर मनापासून नाचणाऱ्या बायका, हा टीकाकारांपुढचा खरा पेच आहे. पडद्यावर जे दुसऱ्यासाठी मांडलेले असते ते अंगणात नाचणारीचे स्वतःचे होते. म्हणून चित्रीकरणाचा दोष नाचाच्या माथी मारता येत नाही.

कायद्याची नजर इथे चमत्कारिक रीतीने चुकते. स्त्रियांच्या अश्लील सादरीकरणाला बंदी करणारा १९८६ चा कायदा स्त्रीदेहाचे अवमानकारक चित्रण गुन्हा ठरवतो, पण सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ खाली येणारे चित्रपट त्याच्या प्रमुख कलमातून वगळलेले आहेत. ती जबाबदारी प्रमाणन मंडळाची. मंडळाच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्त्रियांना हीन लेखणारी दृश्ये नसावीत असे स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षात कात्री चालते ती सेकंदांवर आणि शब्दांवर. २०१५ साली मंडळाने ‘स्पेक्टर’ या बाँडपटातली चुंबने निम्मी केली. याच मालिकेच्या पहिल्या चित्रपटात, ‘डॉ. नो’मध्ये (१९६२), समुद्रातून बिकिनीत बाहेर येणाऱ्या उर्सुला आंद्रेस यांचा आवाजसुद्धा त्यांचा ठेवलेला नव्हता. तो निक्की व्हॅन डर झिल यांनी दिला होता. परस्परसंमतीचे चुंबन कापणाऱ्या मंडळाकडे अशा गोष्टी मोजायची फूटपट्टी नाही.

महाराष्ट्राने २००५ साली डान्स बारमधले नाच बंद केले आणि तीन तारांकित व त्यावरची हॉटेले त्यातून वगळली. बारमध्ये मुली ज्यांवर नाचत ती बहुतांशी चित्रपटांतलीच गाणी. ती दूरदर्शन संचावर घरोघर दिसतच राहिली. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. दरम्यान पोट भरणाऱ्या बायकांचे जे व्हायचे ते झाले. २०२२ साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने शाळकरी मुलीला ‘आयटम’ म्हणून छेडणाऱ्या तरुणाला दीड वर्षाची कैद सुनावताना हा शब्द मुलीला लैंगिक वस्तू ठरवतो, असे नोंदवले. चित्रपटांच्या जाहिरातीत तोच शब्द वर्गवारी म्हणून छापला जातो.

अलीकडे मारामारी करणाऱ्या नायिका पुन्हा आल्या आहेत, पण कॅमेऱ्याची सवय त्यांच्याआधी पोहोचलेली असते. ‘मर्दानी’ (२०१४) हा नाचगाणे टाळणारा अपवाद. हिंदीत डब होऊन प्रचंड चाललेल्या ‘बाहुबली’च्या पहिल्या भागात (२०१५) अवंतिका ही बंडखोर योद्धी आहे, नायक तिच्याशी झटापट करत तिचे लढाऊ कपडे उतरवतो, केस मोकळे सोडतो, तिला नटवतो, आणि ती प्रेमात पडते. समीक्षक अ‍ॅना व्हेट्टिकाड यांनी या प्रसंगाला बलात्कार म्हटले तेव्हा मोठा वाद झाला. शब्द पटो न पटो, लढणारी बाई प्रेमपात्र व्हायच्या आधी तिची तलवार काढून घ्यावी लागते, हे निरीक्षण खोडणे कठीण. ‘पठाण’मध्ये (२०२३) दीपिका पदुकोण नायकाच्या बरोबरीने लढतात. त्यांच्या गाण्यावर वादळ उठले ते मात्र बिकिनीच्या भगव्या रंगावरून.

मूळ तेलुगू ‘पुष्पा’च्या पहिल्या भागात (२०२१) नायक गाडीत नायिकेच्या छातीला हात लावतो असे दृश्य होते, प्रदर्शनानंतर तक्रारी आल्या आणि ते काढले गेले. त्याच चित्रपटातले समंता यांचे ‘ऊ अंटावा’ पुरुषांच्या वासनेची खिल्ली उडवते, त्यामुळे आंध्रातल्या एका पुरुष संघटनेने शब्दांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्या गाण्याचे चित्रीकरण नेहमीच्याच पद्धतीचे आहे: आधी पाय, मग कंबर.