मिंट रोडचा धरमसी

आपल्या सोसायटीतले बरेच जण फोर्टात नोकरीला होते. मिंट रोडचं रतनसी मुळजी जेठा कारंजं त्यांनी पाहिलं असेलच. पण त्याच्या माथ्यावरचा पुस्तकवाला मुलगा कोण?

कापसाचे व्यापारी रतनसींचा एकुलता एक धरमसी १८८९ मध्ये, पंधराव्या वर्षी गेला. बापाने काम सोपवलं थेट व्ही.टी. स्टेशनवाल्या स्टीव्हन्सकडे, जोडीला जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स. १८९४ साली कारंजं उभं राहिलं. मध्ये अवकळा आली. दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये युनेस्कोने गौरवलं.

आम्हा बँकवाल्यांना जाणवतं ते वेगळंच. पेढीचा वारस, पण बापाने हाती खतावणी नाही दिली, पुस्तक दिलं! नातवंडांना दाखवायचं तर रविवारी जा, गर्दी कमी असते.