पदावली आणि क्रियांचा प्राधान्यक्रम (सी भाषा)

सी भाषेत संख्या, चले आणि क्रियाचिन्हे मिळून पदावली होते. चिन्हे एकाहून अधिक असली की शेजारचे पद कोणत्या चिन्हाकडे जाणार, हे प्राधान्यक्रम ठरवतो. २ + ३ * ४ यात मधला ३ गुणाकाराकडे जातो, म्हणून उत्तर १४.

महाराष्ट्रातल्या शाळांत पाठ करून घेतलेले ‘कंचेभागुबेव’ इथे उपयोगी पडते, पण पुरेसे नाही. सीमध्ये गुणाकार, भागाकार आणि बाकी काढणारे % ही तिन्ही एकाच पायरीवर आहेत. बेरीज आणि वजाबाकी त्याखाली, तीही बरोबरीने. एका पायरीवरच्या या क्रिया डावीकडून जोडल्या जातात. म्हणून १० - ४ + ३ म्हणजे ९. सूत्रात ‘बे’ आधी आहे म्हणून बेरीज आधी उरकली, तर ३ येतात आणि ते वहीतही चूकच.

पूर्णांकांत तर हा क्रम फार महागात पडतो. फॅरनहाइटचे सेल्सिअस करताना ५ / ९ * (फ - ३२) असे लिहिले, की फ हा कोणताही पूर्णांक असो, उत्तर ०. कारण ५ / ९ आधी होते आणि त्यातला अपूर्णांक गळून पडतो. ५ * (फ - ३२) / ९ लिहिले, तर ९८ अंशांचे ३६ मिळतात.

सीच्या क्रमात एक खरी उणीव आहे. क्ष सम आहे का, हे पाहण्यासाठी क्ष & १ == ० लिहिले, तर == आधी बांधले जाते; १ == ० खोटे, म्हणजे ०, आणि क्ष & ० नेहमीच ०. सम संख्याही सम ठरत नाही! मूळ बी भाषेत & हेच चिन्ह ‘आणि’ अशा अटीसाठीही वापरत, त्यामुळे ते == च्या खाली असणे सोयीचे होते. ॲलन स्नायडर यांच्या सूचनेवरून डेनिस रिची यांनी सीमध्ये && आणले, पण बीमधले प्रोग्रॅम सीमध्ये आणताना त्रास होऊ नये म्हणून & ला जुन्याच जागी ठेवले. ते वर न्यायला हवे होते, असे रिची यांनीच १९९३ मध्ये लिहिले.

पायथन आणि गो यांनी & तुलनेच्या वर नेले. जावाने सीचाच क्रम ठेवला, मात्र प्रकार जुळत नसल्याने तिचा कंपायलर ही ओळ नाकारतो. जावास्क्रिप्ट ती निमूट चालवते.