चेंबर्स बंधू आणि त्यांचे श्रोते

आपण अमेरिकेतल्या काळ्या माणसाचे साहित्य वाचले. त्याचे गाणे मात्र फारसे ऐकले नाही. डॉ. म. ना. वानखेडे, प्रा. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी निग्रो साहित्याकडे मराठी वाचकाचे लक्ष वेधले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. आमच्या पिढीने रिचर्ड राइट आणि जेम्स बाल्डविन यांचे दाखले देत भाषणे केली. पण १९६६ साली ओकलंडमध्ये ती संघटना जन्माला आली तेव्हा काळ्या वस्तीच्या कानावर कोणते संगीत पडत होते, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही. मी इतिहास शिकवीत होतो, तरी मीही विचारला नाही.

तो प्रश्न माझ्यापुढे उभा केला एका विद्यार्थ्याने. आमच्या वाचनमंडळात काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्यावर चर्चा चालली होती. त्याने मोबाइलवर अकरा मिनिटांचे एक गाणे लावले. आधी घड्याळाच्या लंबकासारखा टकटक आवाज, मग विजेच्या गिटारीचा खरखरीत गडगडाट, मग चार भावांचे एकत्र आवाज. मध्येच लय संथ होत जाते, किंकाळ्या आणि हसणे ऐकू येते, आणि पुन्हा ठोका वेग घेतो. गाणे संपल्यावर एक मुलगा म्हणाला, “सर, हे काळ्यांचे वाटतच नाही. हे तर गोऱ्यांचे रॉक आहे.” एका मुलीने लगेच त्याला अडवले. तिचे वडील लग्नाच्या वरातीत बँड वाजवतात. ती म्हणाली, “वाजवणारा कोण आहे ते बघ ना. वाद्य कोणाचे ते काय बघतोस?”

त्या मुलाचे मत मला चटकन ओळखीचे वाटले. का, ते शेवटी सांगतो. पण त्या दिवसापासून मी या तबकडीचा नव्हे, तर तिच्या श्रोत्यांचा इतिहास शोधू लागलो.

तबकडीचे नाव ‘द टाइम हॅज कम’. ती १९६७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत कोलंबिया कंपनीने काढली. कोलंबिया हे नाव आपल्याला बाबासाहेबांच्या विद्यापीठामुळे ठाऊक आहे. ही कोलंबिया वेगळी, तबकड्या विकणारी. गाणारे जॉर्ज, विली, लेस्टर आणि जो हे चार सख्खे भाऊ मिसिसिपी राज्यातल्या कार्थेज गावचे. घर बटईने शेती करणाऱ्यांचे. बटई म्हणजे काय हे आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको. गुलामी १८६५ साली कायद्याने संपली, पण जमीन मालकाचीच राहिली आणि काळा शेतकरी कर्जाच्या वहीत अडकला. या भावांचे पहिले गाणे बाप्टिस्ट चर्चमधले. थोरला जॉर्ज सैन्यातून सुटल्यावर लॉस एंजेलिसला गेला, मागोमाग भाऊ गेले, आणि १९५४ च्या सुमारास चौघे मिळून भक्तिगीते आणि लोकगीते गाऊ लागले. जॉर्ज तेव्हा जे वाजवीत असे ते कपडे धुण्याच्या टबाला काठी आणि दोरी लावून केलेले वाद्य होते. ज्यांच्या वाट्याला वीणा आली नाही त्यांनी घरातल्या वस्तूतून वाद्य केले. तुणतुणे आणि डफ ऐकत वाढलेल्याला यात नवल वाटणार नाही.

आता श्रोत्यांकडे येऊ. पहिला श्रोता चर्चमधला. भक्तिगीत गाणाऱ्याने बाजारचे गाणे गाऊ नये, असा काळ्या चर्चचा धाक मोठा होता. सॅम कुक हा भक्तिगीतांचा लाडका गायक. त्याने १९५६ साली पहिले प्रेमगीत ध्वनिमुद्रित केले ते आपले नाव थोडे बदलून, कारण चर्चमधला श्रोता दुरावेल ही भीती. आपल्याच माणसांच्या मताला गायक किती वचकून असतो याचे हे उदाहरण आहे. या धाकाला केवळ अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढू नये. ज्या समाजाकडून सगळे हिरावून घेतले, त्याच्याकडे चर्च हीच एक स्वतःची जागा उरली होती. तेथला आवाज बाहेर विकायला जातो आहे, असे त्याला वाटले तर ते समजण्यासारखे आहे.

दुसरा श्रोता लोकसंगीताचा चाहता. हा बहुतांशी गोरा, शिकलेला, डाव्या विचारांचा. लॉस एंजेलिसमध्ये ‘अॅश ग्रोव्ह’ नावाची लोकसंगीताची जागा होती. तेथे बार्बरा डेन या गोऱ्या गायिकेने या भावांना आपल्याबरोबर घेतले, दौऱ्यावर नेले, आणि १९६६ साली त्यांच्यासोबत तबकडीही केली. पीट सीगर यांच्या मदतीने १९६५ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात त्यांना जागा मिळाली. या माणसांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. मिसिसिपीत काळ्यांवर गोळ्या झाडल्या जात होत्या त्या काळात गोऱ्या गायिकेने काळ्या गायकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहणे सोपे नव्हते. पण या चाहत्याच्या मनात लोकसंगीताचे एक चित्र ठरलेले होते : साधे लाकडी वाद्य, अंगावर कष्टाच्या खुणा, गाण्यात दुःख. काळा माणूस त्या चित्रात बसला की हा श्रोता गहिवरतो. तो चित्राबाहेर पाऊल टाकू लागला की याच श्रोत्याला अस्सलपणा हरवल्याची चुटपुट लागते.

त्याच महोत्सवात २५ जुलै १९६५ रोजी बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि काही श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली. ही हुर्यो जगाच्या इतिहासात गेली. तिच्यावर ग्रंथ लिहिले गेले, चित्रपट निघाले. त्याच मैदानावर चार काळे भाऊ गायले आणि लोकांना आवडले, ही गोष्ट मात्र तळटीपेत राहिली. गोऱ्या गायकाने आपला बाज बदलला तर ती क्रांती ठरते. काळ्या गायकाने बदलला तर तो कोणत्या खणात ठेवावा, एवढाच प्रश्न उरतो.

खण हा शब्द मी मुद्दाम वापरतो. अमेरिकेच्या संगीतव्यवसायात खण पाडलेलेच होते. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकात काळ्यांच्या तबकड्यांची यादी १९४९ पर्यंत ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाखाली छापली जाई. पुढे नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ झाले. नाव सभ्य झाले, भिंत राहिली. गाणे कसे आहे यावरून नव्हे, तर गाणारा कोण यावरून दुकानातली मांडणी ठरे. गावाबाहेरची वस्ती आणि गावातली आळी यांची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ही व्यवस्था परकी वाटू नये.

तिसरा श्रोता म्हणूनच महत्त्वाचा : कंपनी. विली आणि जो यांनी लिहिलेले ‘टाइम हॅज कम टुडे’ हे गाणे १९६६ मध्ये एका छोट्या तबकडीवर आले आणि चालले नाही. भावांनी पुढे सांगितले त्याप्रमाणे, असे गाणे काळ्या गायकांनी गावे हेच कंपनीतल्या वरिष्ठांना रुचले नव्हते. १९६७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तेच गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले, या वेळी अकरा मिनिटांचे. त्या आधीच्या जुलैत नेवार्क आणि डेट्रॉइट ही शहरे पेटली होती. घड्याळाचा जो ठोका आपण ऐकतो तो गुरांच्या गळ्यात बांधतात तसल्या घंटेवर काढलेला आहे. ढोल वाजवणारा ब्रायन कीनन गोरा होता. मिसिसिपीचे चार काळे भाऊ आणि एक गोरा ढोलवाला ही मांडणीच तेव्हाच्या अमेरिकेत एक विधान होते.

या तबकडीत काय नाही? कर्टिस मेफील्डचे मुक्तीची आशा सांगणारे ‘पीपल गेट रेडी’ आहे, नाचाची गाणी आहेत, बर्ट बॅकरॅकची चित्रपटी वळणाची चाल आहे आणि शेवटी हे अकरा मिनिटांचे वादळ आहे. म्हणूनच कोणी तिला फोक-रॉक म्हणतात, कोणी सोल, कोणी सायकेडेलिक. मला वाटते, चौघांनी एकही खण मान्य केला नाही, हेच तिचे खरे वर्णन.

चौथा श्रोता विकत घेणारा. गाण्याची कापून लहान केलेली आवृत्ती १९६८ च्या शरदात ‘बिलबोर्ड’च्या यादीत अकराव्या क्रमांकावर पोचली, तबकडी चौथ्या क्रमांकावर. त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता, व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होते. या गाण्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या जागेवरून लावला. लांब केसांच्या गोऱ्या तरुणाला त्यात नशेची धुंदी ऐकू आली, सैनिकाला संपत चाललेली घटका. पुढे १९७८ साली हॅल अॅशबी यांनी युद्धावरून परतणाऱ्यांवरच्या ‘कमिंग होम’ या चित्रपटात ते वापरले आणि १९९४ साली स्पाइक ली यांनी ब्रुकलिनमधल्या एका काळ्या कुटुंबाच्या ‘क्रुकलिन’ या चित्रपटात. गाणे एकच, एकात ते युद्धाचे झाले, दुसऱ्यात गल्लीचे.

मग ज्यांच्यातून हे भाऊ आले त्या काळ्या श्रोत्याचे मत काय होते? हा गट काळ्यांपेक्षा गोऱ्यांनाच जास्त आवडला, असे पुष्कळदा लिहिले जाते. मीही ते खरे मानून चाललो होतो. पण १९६९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, तेव्हाच्या माउंट मॉरिस पार्कमध्ये, सहा रविवार मोठा संगीतोत्सव झाला. सुमारे तीन लाख माणसे आली. त्यात चेंबर्स बंधू याच तबकडीतले ‘अपटाउन’ गायले. ते हार्लेमचेच गाणे आहे आणि बेटी मॅब्री या काळ्या तरुणीने लिहिलेले आहे. हॅल टुल्चिन यांनी उत्सवाचे चित्रण केले. पण त्याचा चित्रपट करायला कोणी पैसे दिले नाहीत. त्याच उन्हाळ्यात झालेल्या वूडस्टॉकचा चित्रपट १९७० मध्येच पडद्यावर आला. हार्लेमच्या फिती मात्र सुमारे पन्नास वर्षे पडून राहिल्या. २०२१ साली ‘समर ऑफ सोल’ या नावाने क्वेस्टलव्ह यांनी त्यातून चित्रपट केला. त्याला २०२२ मध्ये ऑस्कर मिळाले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात जेथे शिकले ते विद्यापीठ हार्लेमला लागूनच आहे. त्या हार्लेमच्या लाखो कानांची नोंद तळघरात पडली होती, आणि आपण तिकडे इतिहास म्हणून लिहीत होतो की काळ्या श्रोत्याला हे आवडले नाही! नोंद नाही म्हणजे मत नव्हते, असे मानण्याची ही चूक आपल्या बाबतीत इतिहासकारांनी किती वेळा केली आहे, ते मी सांगायला नको.

श्रोत्यांचे मत टाळ्यांत संपत नाही, ते हिशेबातही दिसते. २०१२ साली लेस्टर चेंबर्स यांचे एक छायाचित्र जगभर फिरले. आपली कैफियत लिहिलेला फलक त्यांनी हातात धरला होता. १९६७ पासून १९९४ पर्यंत मानधनाचा एकही धनादेश आपण पाहिला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा अनोळखी श्रोत्यांनीच वर्गणी करून त्यांच्या नव्या तबकडीला हात दिला. पुढच्याच वर्षी, १३ जुलै २०१३ रोजी, ट्रेव्हॉन मार्टिन या सतरा वर्षांच्या काळ्या मुलाला गोळी घालणारा न्यायालयातून सुटला. त्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड गावी लेस्टर यांनी ‘पीपल गेट रेडी’ त्या मुलाला अर्पण केले. एक बाई मंचावर चढली आणि तिने त्र्याहत्तर वर्षांच्या या गायकाला धक्का देऊन पाडले. तेच गाणे, तोच आवाज. शेहेचाळीस वर्षे तबकडीवर ते गोड लागत होते. त्याला एका मेलेल्या मुलाचे नाव जोडले तेव्हा कुणाला तरी ते सोसवले नाही.

आता माझी कबुली. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या गावी भीमजयंतीच्या कार्यक्रमात एक मुलगा गिटार घेऊन आला होता. त्याने स्वतः चाल लावलेले भीमगीत त्याला म्हणायचे होते. संयोजक मी होतो. मी त्याला म्हणालो, “बाळ, हे आपल्या चळवळीचे वाद्य नाही. ढोलकी असेल तर म्हण.” तो काही बोलला नाही. गिटार पिशवीत घालून मागे जाऊन बसला. पुन्हा तो आमच्या मंचावर आला नाही. भीमराव कर्डकांच्या जलशांनी तमाशाचा बाज घेऊन त्यात नवा विचार भरला, वामनदादांनी लोकांच्या ओठी असलेल्या चालींतून क्रांती गायली, हे मीच वर्गात शिकवीत होतो. त्यांनी कोणाची परवानगी घेतली होती? प्रस्थापितांनी आम्हाला खणात बसवले म्हणून आम्ही लढलो, आणि तोच खण मी माझ्या हाताने त्या मुलासाठी पाडला. कार्थेजच्या जॉर्जने टबाचे वाद्य ठेवून विजेची बेस गिटार हाती घेतली तेव्हा त्याने आपले गाव टाकले नव्हते. ते तो बरोबर घेऊन निघाला होता.

वाचनमंडळातल्या त्या मुलाला मी हे सगळे सांगितले. त्याने गाणे पुन्हा लावायला सांगितले. या वेळी त्याने मत दिले नाही, एक प्रश्न विचारला : “सर, तो गिटारवाला आता कुठे असतो?”

मला उत्तर देता आले नाही. मी त्याचा पत्ता शोधतो आहे.